आत्याची खुर्ची

गावाचं नाव शोन्थाल, म्हणजे सुंदर दरी.
पन्नास मैलांत दरी नाही.
मॅनिटोबाची पाटासारखी जमीन,
दोरीवर वाळत घातलेल्या आमच्या चादरी
शेजारच्या गावातून मोजता यायच्या.

तिथे अगानेथा आत्या हाडं बसवायची.

शिकली ती आजेसासूकडून.
गव्हाच्या पोत्यात फुटका माठ,
वरून हात फिरवायचा
आणि आतले तुकडे डोळे मिटून जुळवायचे.
देवाशी बोलायची जर्मन वेगळी होती, रविवारची,
गाईंशी, मुलांशी बोलायची वेगळी.
हाडांशी ती गाईंच्या भाषेत बोले.

स्वयंपाकघरात एक खुर्ची, एक पाय आखूड.
बसणारा जरा कलंडायचा, दचकायचा,
तेवढ्यात तिचं काम झालेलं असायचं.
कटक.
मग हंसाची चरबी, कापूर, फडक्याची पट्टी,
आणि ओव्हनमधून आलेले दोन मजली पाव, लोणी लावून.
पैसे घेत नसे. अंडी घेई.
एकदा कुणी सूर्यफुलाच्या बियांचं अर्धं पोतं ठेवून गेलं,
इसब्रांड काका हिवाळाभर सोलत बसले होते.

आठ मुलं झाली, सहा राहिली.
दोघांबद्दल ती बोलत नसे,
पण मदतीच्या पेटीसाठी गोधड्या शिवताना
दर वर्षी दोन छोट्या जास्तीच्या निघत.
पेट्या कुठल्या देशाला जातात, तिला ठाऊक नव्हतं.
"जिथे थंडी असेल तिथे," म्हणायची.

माझे वडील, कोर्नेलियस, तिचा धाकटा भाऊ,
त्रेचाळीस साली गणवेश घालून गेले.
चारशे वर्षं ज्या घरात कुणी शस्त्र धरलं नव्हतं,
त्या घरातून.
परत आले ते उजवा खांदा निखळलेला,
फौजेच्या डॉक्टरनं वाकडाच सोडलेला.
मंडळीचे वडील जमले, ठराव झाला:
याच्या पंगतीला कुणी बसू नये.
मंडळीत वडील बसत होते,
माझे वडील बाहेर, घोड्यांपाशी उभे.

त्या रात्री आत्यानं त्यांना खुर्चीत बसवलं.
आई सांगायची, किंचाळी पार गोठ्यापर्यंत गेली होती.
मग तिनं टेबलावर दोन ताटं मांडली
आणि समोर बसून जेवली.

हे लपलं नाही. तिनं लपवलंही नाही.
बोलावणं आलं. बायका मंडळीत बोलत नसत,
म्हणून तिला काय म्हणायचं होतं
ते इसब्रांड काकांनी उभं राहून सांगितलं, अडखळत:
"ती म्हणते, हाड कुठे मोडलं ते मी विचारते.
कशापायी मोडलं, ते विचारत नाही."
आणि खाली बसताना स्वतःचंच घातलं:
"पाव चांगले झाले होते."

त्या वसंतात पाय धुण्याचा रविवार आला.
मागच्या खोलीत बायका जोडीजोडीनं,
टबात कोमट पाणी, मोजे गुंडाळून बाकाखाली.
आत्याला जोडी नाही.
ती बाकावर बसली, गुडघ्यांवर टॉवेल,
जणू खानावळीत उशिरा आलेलं माणूस.
किती वेळ, कुणी सांगत नाही.
मग थोरल्या वडिलांची बायको, टीना हार्डर,
जिचा खुबा आत्यानं दोनदा बसवला होता,
लंगडत आली आणि काही न बोलता
आपले मोजे उतरवू लागली.
आत्या नंतर एवढंच म्हणाली,
"डावी टाच फार भेगाळली होती बिचारीची."

पुढे दवाखाना झाला, क्ष-किरणांचं यंत्र आलं.
माझ्या हातात ती कला उतरली नाही,
मी पोत्यात हात घातला, बोट कापून घेतलं.

ती गेली फेब्रुवारीत. जमीन दगड झाली होती,
कबर खणायला आधी वर शेकोटी पेटवावी लागली.
अंघोळ आम्ही घातली. पाय मी धुतले.

खुर्ची मदतीच्या लिलावात गेली, अकरा डॉलरला.
घेणारा पोरगा नवा, शहरातून आलेला.
मी विचारलं, काय करशील?
म्हणाला, दिवा बदलायला उंच काहीतरी हवं होतं.
एक पाय आखूड आहे, हे मी सांगायला हवं होतं.